मोठ्या आगीनंतर ठाणे आणि नवी मुंबईचा पुरवठा व सुव्यवस्था कशी राखावी?

ठाणे किंवा नवी मुंबईच्या दाट वस्तीत अथवा बाजारपेठेत आग लागून शहराचा मोठा भाग जळाला, तर उरलेल्या शहराला धान्य, पाणी आणि इंधन कसे पुरवायचे आणि लुटालूट व अफवांना आळा कसा घालायचा, असा हा प्रश्न आहे. अशा वेळी ताबडतोब संचारबंदी लावून सगळा कारभार लष्कराकडे सोपवणे हाच उत्तम मार्ग नाही का, अशी पुस्तीही विचारणाऱ्याने जोडली आहे. ठाणे जिल्ह्यात धान्यपुरवठ्याच्या आणि निवारा केंद्रांच्या कामात माझी तीसहून अधिक वर्षे गेली, आणि त्या अनुभवावरून माझे उत्तर नकारार्थी आहे. लोक भुकेने बिथरतात त्याहून अधिक अनिश्चिततेने बिथरतात. पुढचे जेवण कुठे, किती वाजता आणि किती मिळणार हे ज्याला ठाऊक असते तो रांगेत उभा राहतो. ज्याला ते ठाऊक नसते तो टेम्पोमागे धावतो. म्हणून आधी पुरवठ्याचे वेळापत्रक ठरवावे आणि पोलीस बंदोबस्त त्या वेळापत्रकाप्रमाणे लावावा.

ही समज नवी नाही. 2 सप्टेंबर 1666 रोजी पहाटे लंडनमध्ये लागलेल्या आगीत चार दिवसांत सुमारे 13,200 घरे आणि 87 चर्च जळाली. आग पुरती विझलीही नव्हती तेव्हा, 5 सप्टेंबरला, राजा दुसरा चार्ल्स याने जाहीरनामा काढला आणि कोणत्या ठिकाणी रोज पाव आणला जाईल, तात्पुरते बाजार कुठे भरतील, हे त्यात नेमून दिले. आसपासच्या गावांनी आलेल्या लोकांना ठेवून घ्यावे आणि त्यांना आपापला धंदा करू द्यावा, असा आदेशही त्यात होता. आरमाराच्या कोठारातली खलाशांची कडक बिस्किटेही लोकांसाठी आणली गेली, पण सवय नसल्याने त्यांनी ती परत केली. निवारा केंद्रावर बिस्किटांचे पुडे पाठवून जबाबदारी संपली असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा. दात नसलेल्या आजीला आणि दोन वर्षांच्या पोराला मऊ खिचडी लागते.

शिकागोमध्ये 8 ऑक्टोबर 1871 च्या रात्री आग लागली आणि 10 तारखेला विझली. त्या आगीत सुमारे तीनशे माणसे गेली आणि सुमारे एक लाख लोक बेघर झाले. महापौर रॉसवेल मेसन यांनी लगेच पावाचा भाव ठरवून दिला, तो 12 औंसांच्या पावाला 8 सेंट असा होता, आणि गाडीवाल्यांनी नेहमीपेक्षा जास्त भाडे घेतल्यास परवाना जाईल असेही बजावले. या आदेशातला भावाइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे वजन. वजन न सांगता भाव बांधला की दुसऱ्या दिवशी पाव लहान होतो. आपल्याकडेही आपत्तीच्या काळात वडापाव, दुधाची पिशवी किंवा पाण्याची बाटली यांचा भाव जाहीर करताना माप त्याच ओळीत लिहिले पाहिजे.

भाव बांधण्याचा मोह मात्र आवरावा. तांदूळ, तूरडाळ, खाद्यतेल, दूध, पिण्याचे पाणी आणि रिक्षा-टेम्पोचे भाडे एवढ्यांवर नियंत्रण पुरते. भाजीपाल्याचा भाव बांधला, तर नाशिक-जुन्नरहून निघालेली गाडी पुण्याला किंवा सुरतेला वळते आणि ठाण्यात स्वस्त भाव फक्त कागदावर उरतो.

आता आपल्या भूगोलाकडे येऊ. ठाणे शहराच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला खाडी आणि उत्तरेला उल्हास नदी आहे. त्यामुळे आत येणारा माल मोजक्या वाटांनी येतो: नाशिककडून खारेगाव-साकेतमार्गे, घोडबंदर रस्त्याने, मुलुंडकडून पूर्व द्रुतगती महामार्गाने आणि नवी मुंबईकडून ऐरोली किंवा कळव्यामार्गे. नवी मुंबईचा जीव ठाणे-बेलापूर रस्ता आणि शीव-पनवेल महामार्ग यांवर आहे. आगीचे बंब, रुग्णवाहिका, बघे आणि नेतेमंडळींचे ताफे याच वाटांवर एकदम येतात, आणि शहराचा पुरवठा पहिल्यांदा तिथेच अडतो. यावर उपाय असा की एक वाट केवळ मालासाठी राखावी आणि ती मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत कोणत्याही कारणाने अडवू नये. वाशीच्या बाजार समितीत भाजीच्या गाड्या रात्रीच लागतात आणि उजाडण्याआधी किरकोळ विक्रेते माल उचलतात. हे पाच तास हुकले तर पूर्ण दिवस हुकतो.

वाशीहून मुंब्र्याला निघालेला टेम्पो नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतून ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीत जातो, आणि कळंबोली किंवा पनवेलहून निघालेला तर रायगड जिल्ह्यातून येतो, म्हणजे तिथला जिल्हाधिकारी वेगळा. एका आयुक्तालयाने दिलेला पास दुसऱ्याच्या नाकाबंदीवर चालला नाही म्हणून दुधाची गाडी दोन तास उभी राहिलेली मी पाहिली आहे. त्या हवालदाराचा दोष नव्हता. त्याला तसा आदेशच नव्हता. सर्व हद्दींत चालणारा एकच पास, त्याचा नमुना आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे शांततेच्या काळातच ठरवून ठेवावी लागतात.

खुद्द घाऊक बाजारच आगीत सापडला तर काय, याचा विचार कमी होतो. वाशीत कांदा-बटाटा, भाजी, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार एकमेकांजवळ आहेत आणि मुंबईसह या साऱ्या पट्ट्याचे ताट तिथून भरते. सगळा साठा एका जागी ठेवण्याची किंमत मुंबईने 14 एप्रिल 1944 रोजी मोजली आहे. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, आग तीन दिवस चालली, अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले आणि पन्नास हजार टनांहून अधिक धान्य नष्ट झाले. मुंबईत 1943 पासून शिधावाटप सुरू होते, म्हणजे दुकाने, कार्डे आणि मापे यांची व्यवस्था तयार होती, तरीही धान्याचा काळाबाजार फोफावला. वाटपाची यंत्रणा कितीही चांगली असली तरी दुकानात माल आला नाही तर तिचा उपयोग नाही. म्हणून तांदूळ, डाळ आणि तेल यांचा निदान आठवड्याचा साठा वाशीत, भिवंडीच्या गोदामांत आणि घोडबंदर पट्ट्यात असा विभागून ठेवावा, असे मी नेहमी सुचवत आलो. 2020 च्या मे महिन्यात कोरोनामुळे वाशीचे बाजार काही दिवस बंद ठेवावे लागले, तेव्हा शेतमालाच्या गाड्या थेट शहरांत सोडण्याची पद्धत वापरात आली होती. ती पद्धत, ती मैदाने आणि त्या शेतकरी गटांची यादी जपून ठेवली पाहिजे.

बाजार चालतो तो माथाडींच्या खांद्यावर. त्यांच्यातले बरेच जण कोपरखैरणे आणि घणसोलीत राहतात. आग त्या बाजूला लागली तर माल शाबूत असूनही तो उतरवायला माणूस नसेल, कारण माणूस आपले घर शोधत असेल. माथाडी संघटनांशी आधी बोलून दुसऱ्या उपनगरांतल्या टोळ्या आणण्याची तयारी ठेवावी आणि त्यांची मजुरी रोजच्या रोज रोखीने द्यावी.

आता आकडे पाहू, कारण आकडे मांडले की भीती कुठे योग्य आणि कुठे अनाठायी हे कळते. पाच हजार माणसे बेघर झाली असे धरा. माणशी 400 ग्रॅम धान्य आणि 75 ग्रॅम डाळ धरली तर दिवसाला दोन टन धान्य आणि पावणेचारशे किलो डाळ लागते. हा माल एका मध्यम ट्रकमध्ये मावतो. याउलट पाण्याचे पाहा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निकषाप्रमाणे केवळ पिण्यासाठी माणशी तीन लिटर, म्हणजे पंधरा हजार लिटर. धुणे-आंघोळ धरून आंतरराष्ट्रीय मदतकार्याचे मान माणशी पंधरा लिटरचे, म्हणजे पंचाहत्तर हजार लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरच्या रोज आठ खेपा झाल्या. तीस माणसांमागे एक शौचालय या हिशेबाने 167 शौचालये हवीत. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा हवी, म्हणजे वीस बाय पंचवीस फुटांच्या वर्गखोलीत तेरा माणसे. तिथे आपण चाळीस कोंबतो. बारा खोल्यांच्या शाळेत नियमाने जेमतेम दीडशे माणसे बसतात, म्हणजे पाच हजारांसाठी तीसहून अधिक शाळा लागतील. एवढ्या मोकळ्या शाळा सलग कुठेच नाहीत, हे आधीच मान्य करून मंगल कार्यालये, प्रदर्शन सभागृहे आणि मैदानांवरचे मंडप यांची यादी करावी लागते. मदतकार्यात धान्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, आणि अडते ते पाण्यावाचून आणि शौचालयावाचून. अंधार पडल्यावर स्त्रियांना दूर जावे लागले की त्या दुपारनंतर पाणी पिणेच सोडतात, हे मी अनेक केंद्रांवर पाहिले आहे. शौचालयाजवळचा दिवा आणि आतून लागणारी कडी हा मला सुव्यवस्थेचाच भाग वाटतो.

पाण्याबाबत आणखी एक गोष्ट आहे, जी नकाशावर दिसत नाही. वस्ती जळते तेव्हा घराघरांत गेलेल्या प्लास्टिकच्या नळजोडण्या वितळतात आणि शेकडो उघड्या तोंडांतून पाणी वाहू लागते. त्यामुळे बंबांना दाब मिळत नाही आणि शेजारच्या, न जळलेल्या वस्तीच्या नळाला थेंब येत नाही. सान फ्रान्सिस्कोत 18 एप्रिल 1906 च्या भूकंपानंतर नेमके हेच घडले. मुख्य वाहिन्या तुटल्याच, शिवाय पडलेल्या घरांच्या हजारो जोडण्यांतून पाणी निघून गेले, आणि आग तीन दिवस पेटत राहिली. आपल्याकडे अशा रात्री सर्वांत मोलाचा माणूस म्हणजे त्या प्रभागाचा व्हॉल्व्हमन. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह कोणत्या गटाराच्या कडेला, कोणत्या दगडाखाली आहे हे त्यालाच ठाऊक असते. त्याचा फोन नंबर नियंत्रण कक्षात असलाच पाहिजे आणि त्याला घरून आणायला गाडी गेली पाहिजे. ठाण्याचे बरेचसे पाणी पिसे-टेमघरच्या बाजूने पंपांच्या जोरावर येते, म्हणून वीज तोडताना पंपगृहांचा फीडर, म्हणजे त्यांना वीज नेणारी वाहिनी, चुकून तुटणार नाही, याची खात्री महावितरणकडून करून घ्यावी. नवी मुंबईला स्वतःचे मोरबे धरण आहे, तेव्हा संकटात ठाण्याला टँकर भरून देण्याची केंद्रे ऐरोली-दिघ्याच्या बाजूला आधी ठरवता येतील.

सुव्यवस्थेचा खरा पाया पहिल्या रात्रीच्या यादीत असतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वस्तीतल्या आगीनंतर मी मदत वाटपावर होतो. एका देणगीदाराचा टेम्पो थेट मैदानात घुसला आणि मागच्या फळीवरून ब्लँकेटे फेकली जाऊ लागली. पाच मिनिटांत रेटारेटी झाली, एका गर्भवती बाईला मार लागला, आणि ज्यांचे घर जळले नव्हते अशा धट्ट्याकट्ट्या पोरांच्या हाती सहा-सहा ब्लँकेटे होती. पोलीस तिथेच उभे होते. पण कोण खरा आणि कोण खोटा हे सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता. चूक माझीही होती, कारण मी टेम्पो फाटकाबाहेर थांबवला नाही. त्यानंतर मी दोन नियम कधी मोडू दिले नाहीत: मदतीचे कोणतेही वाहन वस्तीत किंवा केंद्रात शिरणार नाही, ते दूरच्या गोदामात रिकामे होईल, आणि यादी होईपर्यंत गरम जेवण आणि पाणी सोडून काहीही वाटले जाणार नाही.

ही यादी करताना "घर कोणाच्या नावावर आहे" हे विचारू नये. "काल रात्री इथे कोण झोपले होते" हे विचारावे. आपल्या वस्त्यांत अर्धीअधिक माणसे भाड्याची असतात, आणि मालकीचा प्रश्न आला की भाडेकरू यादीतून गळतो, उपाशी राहतो आणि संतापतो. जेवणाची वही वेगळी आणि पंचनाम्याची वही वेगळी ठेवावी. जेवणाच्या वहीत नाव आले म्हणून नुकसानभरपाईचा हक्क मिळत नाही आणि त्यात नाव नसल्याने तो जातही नाही, हे ध्वनिक्षेपकावरून दिवसातून चार वेळा सांगावे. दोन्ही वह्या एक झाल्या की मालक आणि भाडेकरू जेवणाच्या रांगेतच भांडू लागतात. याद्या गल्लीवार कराव्यात आणि त्या बचत गटातल्या बायकांना सोबत घेऊन कराव्यात. कोणाच्या घरात किती तोंडे आहेत हे त्यांना तलाठ्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

स्वयंपाक सामुदायिकच हवा. मंडपात किंवा वर्गखोलीत कुणालाही सिलिंडर, स्टोव्ह किंवा मेणबत्ती पेटवू देऊ नये, मग तो कितीही गयावया करो. सान फ्रान्सिस्कोत भूकंपाच्या सकाळीच एका बाईने खचलेल्या धुराड्याखाली नाश्त्यासाठी चूल पेटवली आणि तिथून उठलेल्या आगीने शहराचा मोठा भाग गिळला. पुढे तपासणी होईपर्यंत घरात चूल पेटवण्यास बंदी घातली गेली आणि लोक रस्त्यावर चुली मांडून रांधू लागले. आपल्याकडे शाळांच्या पोषण आहाराची मोठी भांडी, गुरुद्वारांचे लंगर आणि मंगल कार्यालयांचे आचारी ही तयार शक्ती आहे. तिच्याकडे फक्त वेळेवर धान्य आणि गॅस पोचवायचा असतो.

आता लष्कर आणि संचारबंदीविषयी. सान फ्रान्सिस्कोचे महापौर यूजीन श्मित्झ यांनी लूट करताना आढळणाऱ्याला जागीच गोळी घालण्याचा आदेश 1906 मध्ये काढला. तसा अधिकार त्यांना कायद्याने नव्हता आणि लष्करी कायदाही तिथे कधी पुकारला गेला नव्हता. स्वतःच्याच घरातून सामान काढणाऱ्या माणसाला लुटारू ठरवायला अशा आदेशाखाली एक क्षण पुरतो. लष्कर पूल बांधायला, पाणी शुद्ध करायला, तंबू ठोकायला जरूर यावे. त्यांच्याइतके ते काम कुणी चांगले करत नाही. गर्दी सांभाळणे मात्र त्या भागातल्या, चेहरे ओळखणाऱ्या पोलिसांचे काम आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खालील जमावबंदी जळालेल्या भागापुरती ठेवावी. सबंध शहरावर संचारबंदी लावली की दुकाने बंद होतात, साठेबाजी सुरू होते आणि जी टंचाई नव्हती ती तयार होते.

जळालेल्या भागात लोकांना जाऊच न देणे ही आणखी एक नेहमीची चूक आहे. राखेखाली मंगळसूत्र आहे, कागदपत्रे आहेत, कुणाचे माणूस आहे. अग्निशमन दलाने कूलिंग, म्हणजे धुमसता ढिगारा थंड करण्याचे काम, पूर्ण झाल्याचे सांगितल्यावर गल्लीनिहाय वेळ देऊन, घरटी दोन माणसांना पोलिसांसोबत आत सोडावे आणि निघालेल्या वस्तूंची नोंद तिथेच करावी. दुकानांच्या तिजोऱ्या मात्र घाईने उघडू नयेत. सान फ्रान्सिस्कोच्या बँकांनी आपल्या तिजोऱ्या थंड होण्याची आठवडेच्या आठवडे वाट पाहिली, कारण तापलेल्या तिजोरीत हवा शिरली की आतला कागद पेटतो.

अफवांचे वेगळे सांगायला हवे. लंडनच्या आगीनंतर परकीयांनी आग लावल्याची बोलवा उठली, रस्त्यावर निरपराधांना मारहाण झाली आणि रॉबर्ट ह्यूबर्ट नावाच्या माणसाला फाशी दिले गेले. तो आग लागल्यानंतर इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला होता, हे मागाहून स्पष्ट झाले. मुंब्रा, राबोडी, कोपरी, तुर्भे अशा मिश्र वस्त्यांच्या शहरात हा धोका मी सर्वांत मोठा मानतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 54 खाली खोटी भीती पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, पण शिक्षा नंतर होते आणि अफवा त्या रात्रीच काम करते. महापालिकेने सकाळी आठ आणि संध्याकाळी सात वाजता, एकाच अधिकाऱ्याच्या तोंडून, मराठी, हिंदी आणि उर्दूत माहिती द्यावी. सांगण्यासारखे नवे काही नसेल, तरी त्या वेळेला ते तसे सांगावे. मशिदी, मंदिरे आणि बुद्धविहार यांचे ध्वनिक्षेपक याच निवेदनासाठी मागून घ्यावेत. मागितल्यावर कुणी नाही म्हटल्याचा मला अनुभव नाही.

पैशाचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा बिकट झाला आहे. मोबाइल जळाला की खिशातले पाकीटही गेले, कारण व्यवहार फोनवर होतात. म्हणून केंद्रावर सिमकार्ड, आधार आणि बँक यांचे टेबल दुसऱ्या दिवशी लागलेच पाहिजे. शिधापत्रिका जळाली तरी देशात कुठल्याही रास्त भाव दुकानावर अंगठ्याच्या ठशाने धान्य मिळू शकते, ही गेल्या काही वर्षांतली मोठी सोय आहे. परंतु भाजलेल्या बोटांचा किंवा आयुष्यभर घमेली वाहिलेल्या हातांचा ठसा यंत्र घेत नाही. त्यासाठी दुकानदाराला नोंदवहीवर धान्य देण्याची लेखी मुभा पहिल्याच दिवशी द्यावी. मुभा तोंडी असेल तर दुकानदार घाबरतो, आणि त्याचे बरोबर असते.

औषधांबाबत एवढेच सांगतो की क्षयरोगाच्या, मधुमेहाच्या आणि डायलिसिसच्या रुग्णांची नावे पहिल्या रात्रीच्या यादीत वेगळ्या खुणेने लिहावीत. क्षयाच्या गोळ्या घरासोबत जळतात आणि रुग्ण ते सांगायला लाजतो.

गाड्या, गोदामे आणि अन्नसाठा ताब्यात घेण्याचा अधिकार आपत्ती कायद्याच्या कलम 65 ने दिला आहे आणि कलम 66 प्रमाणे त्याचा मोबदला द्यावा लागतो. हा अधिकार जपून वापरावा. एकदा मोबदला रखडला की पुढच्या वेळी टेम्पोवाला गाडीची चावीच घरी ठेवून येतो. शक्यतो ठरलेल्या दराने भाड्याने घ्यावे आणि बिल पंधरा दिवसांत चुकते करावे.

केंद्रे कधी बंद करायची, हे ठरवताना तारखेकडे पाहू नये. जळालेल्या भागाच्या आसपासची किराणा दुकाने, पिठाच्या गिरण्या आणि भाजीच्या हातगाड्या रोज मोजाव्यात; त्यातल्या बहुतेक सुरू झाल्या आणि दुपारच्या पंगतीतली ताटे सलग चार दिवस कमी होत गेली, तर आधी दुपारचे जेवण थांबवावे, रात्रीचे चालू ठेवावे, आणि हा बदल निदान तीन दिवस आधी फळ्यावर लिहून कळवावा. शाळा मोकळी करताना शेवटी एकट्या बायका, म्हातारी माणसे आणि ज्यांना भाड्याने खोली कुणी देत नाही अशी कुटुंबे उरतात. त्यांच्यासाठी संक्रमण शिबिरातल्या खोल्यांच्या चाव्या हातात आल्यावरच शाळेचा मंडप उतरवावा.